मिस्त्रीने निवडलेला मागचा गिअर

एका सरकारी कागदावर मी एकदा लिहिलं होतं : ‘मागचा गिअर निकृष्ट दर्जाचा असल्याने मोडला.’ गिअर निकृष्ट नव्हता. लिहिताना मला ते पक्कं माहीत होतं. तेव्हा मी पंचविशीत होतो, आता पन्नाशी ओलांडली आहे. त्या वाक्याने ज्याचं नुकसान झालं तो माणूस अहेरीच्या बाजारात सायकली दुरुस्त करायचा. हे लिहून त्याला आता काही मिळणार नाही. तरी जे झालं ते क्रमाने सांगून टाकतो.

मी मलेरियाच्या कामावर होतो. खोली अहेरीला, आणि कामाची गावं भामरागडच्या बाजूच्या डोंगरावर. घरोघर जायचं, कुणाला ताप येऊन गेला का विचारायचं, आला असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि पट्टी कागदात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायची. पट्ट्या अहेरीला तपासल्या जात. पूर्ण औषध निकालानंतर मिळे, त्यामुळे पट्टी जितकी लवकर पोचेल तितकं बरं. डोंगराखालच्या डांबरी रस्त्यावरून सकाळी एक एसटी अहेरीकडे जायची. ती चुकली की पट्ट्या दुसऱ्या दिवसावर गेल्या.

डोंगरावरच्या शेवटच्या गावापासून त्या रस्त्यापर्यंत चारेक मैलांचा उतार होता. बांबूच्या ट्रकांनी पाडलेली ती वाट. दगड, आडवी मुळं, पावसाने खोदलेल्या घळी आणि कडेला बांबू तोडल्यावर उरलेले वीतभर उंचीचे, भाल्यासारखे खुंट. माझ्याआधीचा कर्मचारी ही वाट पायी उतरायचा. मी सायकलवर उतरायला लागलो. माझ्या थोरल्या भावाने बल्लारपूरच्या एका कॉलनीतून मला जुनी गिअरची सायकल मिळवून दिली होती. मागे पाच दातेरी चकत्या, पुढे दोन. जाड टायर मी नंतर बसवून घेतले. चढताना गिअरचा उपयोग व्हायचा आणि उतरताना गिअरची परीक्षा. मी उतारावर शक्यतो ब्रेक लावत नसे. एसटीची वेळ हे कारण मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण असं की, खाणीत राबलेल्या बापाचा मी पहिला शिकलेला मुलगा, आणि त्या उतारावर मला पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा जो भाग मागच्या चाकाजवळ लोंबत असतो, त्याला आम्ही नुसतं ‘मागचा गिअर’ म्हणायचो. त्याला खाली एक दांडी असते, दांडीत दोन छोटी दातेरी चाकं, आणि आत स्प्रिंगा. एक स्प्रिंग गिअरला परत बाहेर आणते, दुसरी चेन ताणून धरते. सायकलसोबत आलेला गिअर महिन्याभरातच एका खुंटाला अडकून मोडला. त्याची दांडी हातात घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री मुसलमान, चाळिशीचा, वडिलांपासून हाच धंदा. बाजाराच्या टोकाला टिनाचं दुकान आणि शेजारी चहाचं हॉटेल. अख्ख्या अहेरीत गिअरच्या सायकली तीन. एक माझी, एक वनखात्यातल्या तरुण अधिकाऱ्याची आणि एक ठेकेदाराच्या मुलाची. तिन्ही तोच पाहायचा. कुणी शिकवलं नव्हतं. उघडून, मांडून, पुन्हा जोडून शिकला होता.

‘काऊन जी मलेरियावाले,’ तुकडा उलटसुलट करत तो म्हणाला, ‘सायकल चालवून राह्यले होते का झाड तोडून राह्यले होते?’

मी म्हटलं, ‘मिस्त्रीभाऊ, चंद्रपूरले जाऊन नवीन आणतो.’

‘तू नोको आणू. तू चमकते ते आणशीन. मी येतो संगं.’

आम्ही दोघं एसटीने चंद्रपूरला गेलो. जुन्या सायकलींचे भाग विकणाऱ्या दुकानदाराने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आमच्यासमोर उपडा केला. त्यात आमच्या सायकलीला चालतील असे दोनच गिअर निघाले. एक परदेशी, ॲल्युमिनियमचा, पांढराशुभ्र, हातात घेतला तर वजन लागत नाही असा. दुसरा लोखंडी, काळपट, ठेंगणा, आखूड दांडीचा. मी अर्थातच पहिला उचलला.

‘याले वजनच नाई,’ मी म्हटलं.

‘म्हणून त नाई पाह्यजे. दागिना घ्याले आला का तू?’ त्याने माझ्या हातातून तो काढून घेतला आणि दांडी धरून लोंबकळत ठेवला. ‘याची शेपटी पाह्य केवढी लांब. खुंटाले बोलावून राह्यली, ये म्हणते, अडक.’ मग लोखंडी उचलला. स्प्रिंग अंगठ्याने मागे दाबली आणि सोडली. खाडकन आवाज झाला. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. ‘ही स्प्रिंग आयक. उतारावर चेन नाचते, तिले धरून ठेवाले जोर पाह्यजे. त्या पांढऱ्याची स्प्रिंग म्हणजे लग्नातला नवरदेव, नुसता बसून राह्यते.’

दुकानदार हसला. ‘भाऊ, तो काळा त मी भंगारात टाकणार होतो.’

‘मंग आम्ही भंगारवाले समज.’ मिस्त्री माझ्याकडे वळला. ‘आयक. पांढरा तुटन. काळा वाकन. वाकलेला मी दगडावर ठेवून ठोकीन, सरळ करीन. तुटलेल्याचं काय करू, लोनचं घालू?’

उतारासाठी भाग कसा निवडावा याचं एवढं नेमकं उत्तर मी नंतरही कुणाकडून ऐकलं नाही. ठेंगणा हवा, म्हणजे वाटेत येत नाही. दांडी आखूड. स्प्रिंग कडक. आणि मोडण्याऐवजी वाकणारा, कारण मोडल्यावर जंगलात दुकान नसतं, दगड मात्र सगळीकडे असतो. मला त्या दिवशी ते पटलं नव्हतं. एसटीत अहेरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर पांढराच होता.

अहेरीला तो गिअर बसवताना हॉटेलवाला ग्लास पुसत येऊन उभा राहिला. ‘मिस्त्री, हे काळं भूत टिकन का उतारावर?’

‘टिकन.’

‘आन नाई टिकलं त?’

‘त तुह्या हाटेलात बसून कपबश्या धुईन. साऱ्या बाजारापुढं.’

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, पण त्याने नट दोनदा तपासला. त्यामागे एक कारण होतं. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी माझी सायकल पाहून सांगितलं होतं, ‘थंडीभर ही टिकली तर मी वर लिहितो. डोंगरावर काम करणाऱ्या आणखी चौघांना अशा सायकली मिळू शकतील. दुरुस्ती तुमच्या या मिस्त्रीकडेच देऊ.’ मी ते मिस्त्रीला सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या पाटीवर, ‘सायकल दुरुस्ती’च्या खाली, त्याने ब्रशने स्वतः लिहिलं : ‘गिअरची सुद्धा’.

नोव्हेंबर-डिसेंबरात तो काळा गिअर दोनदा खुंटांवर आपटला. दोन्ही वेळा वाकला. पहिल्यांदा मिस्त्रीने दगडावर सरळ केला, दुसऱ्यांदा मी स्वतः, वाटेतच. चेन एकदाही उतरली नाही. उतारावर सायकल खडखडायची, पेटीतल्या पट्ट्या खुळखुळायच्या, पण मागून येणारा तो घट्ट, बारीक टिकटिक आवाज कधी बदलला नाही. डॉक्टर एकदा म्हणाले, ‘आणखी महिनाभर पाहू.’ मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘महिना काय, तुह्या लग्नाच्या वरातीले हाच गिअर येईन.’

मग जानेवारीतला तो मुक्काम. डोंगरावरच्या शेवटच्या गावात मी एका म्हाताऱ्या बाईच्या ओट्यावर उतरलो होतो. चेन कोरडी पडून कुरकुरत होती आणि माझी मशीनच्या तेलाची कुपी रिकामी झाली होती. संध्याकाळी मी सायकल उलटी करून बसलो तेव्हा त्या बाईने दिव्याजवळची तेलाची वाटी पुढे केली. मोहाच्या बियांचं तेल. तिकडे टोळीचं तेल म्हणतात. भाजीला तेच, दिव्याला तेच, बैलगाडीच्या आसाला तेच. सायकलच्या चेनला तर सगळेच घालायचे, मिस्त्रीसुद्धा. मी स्वतः त्याला घालताना पाहिलं होतं. मी चेनला घातलं आणि वाटीत उरलं म्हणून गिअरच्या सांध्यांत, स्प्रिंगांवर, दांडीच्या मुळाशी भरपूर ओतलं. ‘पी लेका,’ असंही म्हटलं.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली नाही. साध्या सायकलच्या चेनला स्प्रिंग नसते. तेल पातळ असो की घट्ट, तिला फरक पडत नाही. टोळीचं तेल मात्र थंडीत तुपासारखं थिजतं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. सकाळी त्याच बाईच्या वाटीत उरलेलं तेल पांढरं, घट्ट झालेलं मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पेटी बांधायला लागलो.

गावाबाहेर छोटा चढ होता. मी गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर घेतला आणि चढलो. उतार सुरू झाल्यावर हँडलजवळचा गिअरचा खटका पुढे ढकलला. गिअर बाहेर आला नाही. आणखी ढकलला. वायर ढिली पडली, गिअर जागेवरच. खालची दांडीही थिजली होती, त्यामुळे चेन ताणली न जाता कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबू लागली. थांबून पाहायला एक मिनिट लागलं असतं. थांबलो नाही. वेग आला होता. एका मुळावरून सायकल उडाली, ढिली चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे, चाकाच्या तारांत पडली आणि चाकाने चेनसकट गिअर आत ओढून घेतला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबलो नाही.

उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ते त्या क्षणी कळलं नाही. पेटी उघडी पडली होती, बहुतेक पट्ट्या फुटल्या होत्या. मी सरपटत सायकलजवळ गेलो. गिअर पिळवटून तारांत रुतला होता, आणि त्याच्या सांध्यांत पांढरा, मेणासारखा थर होता. मी डाव्या हाताच्या नखाने तो खरवडला. नखात आला. वास घेतला. मग कळलं.

बांबूचा एक ट्रक खाली जात होता. त्याने मला आणि सायकलला उचललं. ट्रकवर सायकल दुपारपर्यंत उन्हात होती. अहेरीला उतरवली तेव्हा सांध्यांत काहीच दिसत नव्हतं. नुसतं तेलकट लोखंड.

हात गळ्यात बांधून मी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या दुकानात बसलो होतो. त्याने पक्कडीने तारा कापून गिअर मोकळा केला. फडक्याने पुसला. स्प्रिंग दाबली, सोडली. खाडकन. पुन्हा तसंच. दांडी वाकली होती, पण सांधा मोकळा फिरत होता. तो बराच वेळ त्याला डोळ्यांसमोर धरून बसला.

‘काऊन गेला हा आत?’ तो मला विचारत नव्हता. ‘स्प्रिंग त जित्ती आहे. स्क्रू जागेवर आहे.’ मग माझ्याकडे वळला. ‘तू काय केलं होतं?’

‘काई नाई,’ मी म्हटलं. ‘नेहमीसारखा उतरत होतो.’

आता सांगायला सोपं आहे, की मी तरुण होतो, दुखत होतं. दोन्ही खरं आहे. पण मुख्य गोष्ट वेगळी होती. मी नोकरीत अजून कायम झालो नव्हतो, आणि सरकारी पट्ट्या माझ्या हातून फुटल्या होत्या. भाग खराब निघाला तर तो अपघात. मी तेल चुकीचं घातलं आणि चेन लोंबताना दिसूनही थांबलो नाही, तर तो निष्काळजीपणा. दोन्हींत काय लिहिलं जाईल हे मला कळत होतं.

‘मंग माहीच नजर चुकली,’ मिस्त्री म्हणाला.

शेजारून हॉटेलवाला ओरडला, ‘मिस्त्री! कपबश्या वाट पाहून राह्यल्या!’

तो गमतीत म्हणाला होता. मिस्त्री उठला. मला वाटलं, शिवी घालेल. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, हॉटेलमागच्या टाकीजवळ उकिडवा बसला आणि खरंच कपबश्या धुवायला लागला. बाजाराचा दिवस होता. लोक जमले. कुणी म्हणालं, ‘चांगल्या घास मिस्त्री, गिअरसारखं नोको करू.’ तोही हसून म्हणाला, ‘ह्या फुटल्या त उद्या तुह्या घरचे भांडे घाशीन.’ हॉटेलवाल्यालाच शेवटी लाज वाटली. त्याने हात धरून उठवायचा प्रयत्न केला, पण मिस्त्रीने टोपल्यातली शेवटची बशी होईपर्यंत ऐकलं नाही. ‘जबान देली होती,’ म्हणाला. मग त्यातल्याच एका कपात हॉटेलवाल्याने मला चहा दिला. मी डाव्या हाताने तो प्यायलो. पूर्ण प्यायलो.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी अपघाताचा कागद माझ्यापुढे ठेवला. ‘कारण’ असा एक रकाना होता. डाव्या हाताने लिहायचं म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलं. ‘मागचा गिअर निकृष्ट दर्जाचा असल्याने मोडला.’ डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, ‘म्हणजे हे सायकलींचं आपल्याकडे जमणार नाही.’ मी मान हलवली. ते वर लिहिणार होते ते राहिलं.

खांदा बरा झाल्यावर मी डोंगरावर पायी गेलो आणि फुटलेल्या पट्ट्यांच्या घरांतून पुन्हा रक्त घेतलं. त्या म्हाताऱ्या बाईने बोट पुढे करत विचारलं, ‘मागचं रगत काय केलं?’ मी म्हटलं, सांडलं. तिने पुन्हा बोट दिलं.

मिस्त्रीने दुकान बंद केलं नाही. पाटीवरचे ‘गिअरची सुद्धा’ हे दोन शब्द मात्र काळ्या रंगाने बुजवले. वनखात्याचा अधिकारी सायकल घेऊन आला तर त्याला म्हणाला, ‘साहेब, चंद्रपूरले न्या. मले त्यातलं समजत नाई.’ मी तिथेच होतो. त्याला समजत होतं, हे त्या बाजारात फक्त मला ठाऊक होतं. तो काळा गिअर त्याने दगडावर ठोकून सरळ केला आणि भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवला. का ठेवला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या सायकलवर गिअर नव्हताच आता; एकच चकती ठेवून ती चालवत होतो. दर वेळी हवा भरायला गेलो की तो दिसायचा.

पुढच्या वर्षीच्या थंडीत, एका सकाळी, मी पंक्चर घेऊन गेलो. मिस्त्री दारात उन्हाला पाठ देऊन बसला होता. समोर कुणाची तरी साधी सायकल उभी होती आणि त्याच्या हातात टोळीच्या तेलाची वाटी. तेल थिजलं होतं. तो ती वाटी उन्हात इकडून तिकडे फिरवत होता. फिरवता फिरवता थांबला. वाटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘त्या दिवशी तेल कोणतं घातलं होतं?’

वर्षभर मी या प्रश्नाची किती उत्तरं तयार करून ठेवली होती. ‘हेच,’ मी म्हटलं.

‘गिअरात?’

‘हो.’

‘तुले मालूम होतं?’

‘पडल्यावर मालूम झालं. नखात आलं होतं.’

त्याने वाटी खाली ठेवली. मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान कपबश्यांचं काढेल. त्याने काढलं नाही. उठून खिळ्यावरून गिअर घेतला, फडक्याने धूळ पुसली, स्प्रिंग दाबून सोडली. खाडकन. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन, आणि ते मला पाहवलं नाही.

‘म्हणजे हा बरोबर होता,’ तो म्हणाला.

‘बरोबर होता.’

‘मी म्हटलं होतं ना. वाकन, पण तुटनार नाई.’ गिअर त्याने माझ्या हातात दिला. ‘घेऊन जा. तुहाच आहे. डाक्टरसाहेबाले दाखव आन सांग काय झालं होतं त्ये. बाकी काई नोको. यवढं सांगशीन?’

मी म्हटलं, ‘सांगतो. आजच सांगतो.’

त्या दिवशी डॉक्टर दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी होते, पण खोलीत माणसं होती. तिसऱ्या दिवशी मी गिअर पिशवीत घालून दारापर्यंत गेलो. आत डॉक्टर माझ्याच कायम होण्याच्या कागदांवर सही करत होते. मी बाहेर उभा राहिलो, मग परत फिरलो. पुढच्या महिन्यात माझी बदली धानोऱ्याकडे झाली. निघताना मिस्त्रीला भेटलो. ‘सांगितलं का?’ असं त्याने विचारलं नाही. पाटीवरचा काळा रंग अजून तसाच होता, आणि तो पाहिल्यावर विचारायची गरज कुणालाच नव्हती. ‘तिकडं उतार आहे का?’ एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, फारसा नाही.

नंतर मी अहेरीला गेलो नाही. जाण्यासारखी कारणं आली होती.

धानोऱ्याला मी तो गिअर सायकलवर पुन्हा चढवला. पुढे चंद्रपूरला आलो तेव्हा सायकल बदलली, गिअर काढून नव्या सायकलीवर घातला. त्यानंतर आणखी एकदा बदलली. दरवर्षी थंडी सुरू झाली की तो पुसतो, मशीनचं तेल घालतो, स्प्रिंग अंगठ्याने दाबून सोडतो. दांडीवर ठोकल्याच्या तीन खुणा आहेत. दोन मिस्त्रीच्या, एक माझी. गिअर चालू आहे.